थाळीचा भाव, हंगाम आणि गल्ला : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या अंकासाठी खानावळ, हॉटेल आणि केटरिंगच्या धंद्याबद्दल प्रश्न मागवले होते. अलिबागपासून मालवणपर्यंतच्या वाचकांनी ते पाठवले. उत्तरांतल्या आकडेमोडीत जिथे 'समजा' म्हटलं आहे, तिथले भाव उदाहरणादाखल आहेत. तिथे तुमच्या बाजारातले भाव घालून हिशेब पुन्हा मांडा.

प्रश्न : देशातला रेस्टॉरंट उद्योग वेगाने वाढतोय, असं सतत वाचायला मिळतं. आमच्या खानावळीचा गल्ला मात्र बरीच वर्षं होता तिथेच आहे. मग ही वाढ जाते कुठे?
— एक वाचक, गुहागर

वाढ खरी आहे. नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडियाच्या २०२४ च्या अहवालात २०२३-२४ सालचा देशातला खाद्यसेवा व्यवसाय सुमारे ५.६९ लाख कोटी रुपयांचा धरला आहे. २०२७-२८ पर्यंत तो ७.७६ लाख कोटींवर जाईल, म्हणजे वर्षाला साधारण ८ टक्क्यांनी वाढेल, असा त्यात अंदाज आहे. संघटित क्षेत्राची, म्हणजे साखळी हॉटेलं आणि मोठ्या ब्रँडची वाढ याहून जास्त, १३ टक्क्यांच्या आसपास धरली आहे. वाढीचा मोठा वाटा शहरांकडे जातो तो यामुळे.

असे आकडे रुपयांत असतात, हेही ध्यानात ठेवा. थाळी ३०० ची ३३० झाली आणि गिऱ्हाईक तेवढंच राहिलं, तरी उलाढाल १० टक्के वाढलेली दिसते. म्हणून स्वतःच्या धंद्याची वाढ गल्ल्यावरून मोजू नका. महिन्याला किती ताटं वाढली, ते वहीत लिहा आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा.

माणसं बाहेर जास्त का खाऊ लागली, याचं उत्तर घरखर्चाच्या सरकारी सर्वेक्षणात मिळतं. १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातला ५९ टक्के वाटा अन्नावर जात होता. २०२३-२४ मध्ये तो ४७ टक्क्यांवर आला. उत्पन्न वाढलं की धान्या-डाळीवरचा वाटा घटतो, आणि सुटलेल्या पैशातला काही भाग पुन्हा जिभेकडेच वळतो. पेयं, तयार जेवण आणि प्रक्रिया केलेले पदार्थ हा आज अन्नखर्चातला सगळ्यात मोठा गट आहे. शहरात एकूण खर्चाच्या ११ टक्के, तर गावात जवळपास १० टक्के त्यावर जातात. दोघंही नोकरी करणारी जोडपी, छोटी कुटुंबं, शिकायला बाहेर राहणारी मुलं आणि हातातला मोबाइल यांनी हा कल आणखी पक्का केला.

कोकणात हा पैसा रस्त्याने, रेल्वेने आणि बोटीने येतो. त्यामुळे वाहतुकीत जरा बदल झाला की गिऱ्हाईक इकडचं तिकडे सरकतं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट (गाड्याही नेणारी) आली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू उघडला. अलिबाग-रेवदंड्याचं गिऱ्हाईक यातल्या शेवटच्या दोन गोष्टींनी वाढवलं. मोपा आणि चिपीच्या विमानतळांमुळे वेंगुर्ला-मालवणचा प्रवास सोपा झाला. पण महामार्ग चौपदरी होताना कणकवलीसारख्या ठिकाणी थेट जाणारी गाडी उड्डाणपुलावरून निघून जाते, आणि खालच्या हॉटेलांना जेवायला थांबणारी मुंबईची गाडी मिळत नाही. तुमची जागा यातल्या कुठल्या वाटेवर आहे, हे ठरवल्याशिवाय देशाचा टक्का तुमच्या काही कामाचा नाही.

यापुढचा मुद्दा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोकणात गिऱ्हाईक कमी पडत नाही, ते ठरावीक दिवसांत एकदम येतं आणि बाकीचे दिवस कोरडे जातात. खर्च मात्र बारा महिने चालू असतो. समजा, महिन्याचं भाडं २५,०००, आचारी आणि तीन मदतनीसांचे पगार ६५,०००, वीज १२,०००, कर्जाचा हप्ता १५,००० आणि किरकोळ ८,००० आहे. हे झाले १ लाख २५ हजार, म्हणजे वर्षाचे १५ लाख. सामान आणि गॅस वजा जाता सरासरी एका ताटामागे १५० रुपये सुटत असतील, तर नुसता खर्च भागायला वर्षाला १०,००० ताटं वाढावी लागतात.

दिवाळीची सुट्टी, डिसेंबरअखेर, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि एप्रिल-मे मिळून १२० चांगले दिवस धरू. त्या दिवसांत रोज ५५ ताटं गेली तर ६,६०० झाली. जून ते ऑगस्टच्या ९२ दिवसांत रोज ५ ताटं, म्हणजे ४६०. उरलेल्या १५३ दिवसांत २,९४० ताटं जायला हवीत, म्हणजे दिवसाला १९. खानावळ तरते की बुडते, ते या १९ च्या आकड्यावर. मे महिन्यातल्या रांगा पाहून धंद्याचा अंदाज बांधणारा इथेच फसतो. या मधल्या दिवसांचं गिऱ्हाईक स्थानिक असतं : बँका आणि शाळांतले कर्मचारी, बांधकामावरचे मुकादम, एसटीचे चालक-वाहक. त्यांना ४०० ची सुरमई थाळी नको असते. १२० ते १५० रुपयांत आमटी-भात, भाजी, बांगड्याचा एक तुकडा असं जेवण ठेवा आणि महिन्याचा डबा लावा. एका ताटामागे ५०-६० रुपयेच सुटतील, म्हणजे १९ च्या जागी अशी पन्नासेक ताटं लागतील. पण ती रोज जातील, आणि आचाऱ्याचा पगार तर तसाही द्यायचाच असतो.

अलिबागचा आकार वेगळा आहे. तिथे वर्षापेक्षा आठवडा असमान असतो : शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार गर्दी, सोमवार ते गुरुवार शुकशुकाट. तिथे मंगळवारी बंद ठेवून शनिवारी दोन माणसं रोजंदारीवर घेतलेली परवडतात.

गणपतीचंही गणित करून ठेवा. चाकरमानी लाखांनी येतात, पण ते घरी जेवतात, तेही शाकाहारी. त्या दिवसांत टेबलं मांडून वाट पाहण्यापेक्षा उकडीचे मोदक, भजनी मंडळांचा नाश्ता आणि नैवेद्याची ताटं यांच्या ऑर्डरी घ्या.

प्रश्न : सुरमई थाळी ४०० रुपयांना देतो. सुरमई लिलावात ८०० रुपये किलोने मिळते. १२० ग्रॅमची तुकडी म्हणजे ९६ रुपये. तरी महिनाअखेर हातात काही उरत नाही. चूक कुठे होते आहे?
— एक वाचक, मालवण

चूक त्या ९६ रुपयांत आहे. ८०० रुपये हा अख्ख्या माशाचा भाव, आणि ताटात जाते ती तुकडी. ३ किलोची सुरमई घ्या, २,४०० रुपये. डोकं, शेपटी, पर आणि पोटातला भाग गेल्यावर तुकड्या साधारण २ किलो १०० ग्रॅम भरतात. म्हणजे तुकडीचा खरा भाव किलोला १,१४३ रुपये, आणि १२० ग्रॅमची तुकडी १३७ रुपयांना पडली. फरक ताटामागे ४१ रुपयांचा.

पुढचं मांडू : रवा, मसाला आणि तळणीचं तेल १२, तांदूळ ६, कालवणाचं वाटण (नारळ, मिरची, तिरफळ) २२, दोन भाकऱ्या किंवा चपात्या १०, सोलकढी १०, कोशिंबीर-लोणचं ५, गॅस ८. एकूण २१०. मोडलेली तुकडी, सांडलेलं कालवण, परत आलेलं ताट यांचे ५ टक्के धरले की २२०. म्हणजे विक्रीच्या ५५ टक्के सामानातच गेले. मासळीच्या थाळीत सामानाचा वाटा इतर जेवणापेक्षा जास्त असतोच, पण ४५ टक्क्यांच्या वर गेला की भाडं आणि पगार खिशातून जातात.

भाव एकदम ४८० करू नका. आधी हे करून बघा. तुकडी वजन करून कापा. काटा शेजारी नसेल तर १२० ची तुकडी सहज १४० ची होते, आणि तेवढ्यानेच आणखी २३ रुपये गेले. डोकं आणि शेपटीकडचे तुकडे फेकू नका. त्यांचं कालवण करून 'मच्छी कढी-भात' म्हणून १५० ला वेगळा विका, म्हणजे सुरमईच्या किमतीतले काही पैसे तिथून वसूल होतात. फळ्यावर सुरमईच्या बरोबरीने बांगडा आणि मोरी (लहान शार्क) ठळक लिहा. भाव कमी असला तरी त्यांत रुपयांनी सुटणारा नफा बरेचदा जास्त असतो. आणि सुरमई, पापलेटचा भाव फळ्यावर रोज खडूने लिहा. छापील मेनूकार्डावर एकच भाव ठेवणं हे मालवणातल्या कितीतरी खानावळींचं दुखणं आहे. लिलाव दररोज बदलतो, मेनूकार्ड वर्षातून एकदा.

सोललेल्या कोळंबीचा हिशेब याहून कडक आहे. डोक्यासकट घेतलेल्या कोळंबीचा सोलून जेमतेम निम्मा गर हाती येतो, म्हणजे ५०० ची कोळंबी १,००० ची झाली.

एक गोष्ट तळमळीने सांगावीशी वाटते. तुमच्या हिशेबात घरच्या बायकांच्या कामाचा पैसा कुठेच नाही, आणि कोकणातल्या बहुतेक खानावळींत तो नसतो. पहाटे वाटण वाटणारी, भाकऱ्या थापणारी बाई बाहेरून आणली तर तिला पगार द्यावा लागेल. तो खर्च धरला नाही की थाळी स्वस्त वाटते, शेजारचाही तोच भाव लावतो, आणि सगळ्या गावाचा भाव दबून राहतो. निदान वहीत तरी तो पगार दर महिन्याला लिहा.

प्रश्न : मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांसाठी डीप फ्रीझर घ्यावा का? किती मासे साठवावे?
— एक वाचक, हर्णै

१ जून ते ३१ जुलै हे बंदीचे ६१ दिवस. समजा, पावसात रोज ५ सुरमई थाळ्या जातात. ६१ × ५ × १२० ग्रॅम म्हणजे ३७ किलो तुकड्या, त्यासाठी साधारण ५२ किलो अख्खा मासा, ८०० च्या भावाने ४२,००० रुपये. एवढेच पैसे अडकवायचे. भीतीपोटी दीड-दोनशे किलो भरून ठेवणारे ऑगस्टमध्ये ताजी मासळी आल्यावर जुना माल कोणाला वाढायचा या पेचात पडतात.

खरेदी मे महिन्यात करू नका. तेव्हा पर्यटक आणि साठा करणारे एकाच लिलावात असतात आणि भाव चढलेला असतो. एप्रिलच्या उत्तरार्धात आवक चांगली असेल त्या दिवशी थोडी थोडी घ्या. मासा साफ करून, तुकड्या कोरड्या पुसून, एका वेळच्या वापराची पाकिटं हवा काढून बांधा आणि वर तारीख लिहा. तापमान उणे १८ अंश हवं. सुरमई तीन महिन्यांच्या आत संपवा, बांगडा दोन महिन्यांत, कारण तेलकट मासा थंडीतही खवट होतो. एकदा वितळलेली तुकडी पुन्हा गोठवायची नाही.

खरा धोका वीज जाण्याचा. पावसाळ्यात किनाऱ्यावर आठ-आठ तास वीज नसते. भरलेला फ्रीझर झाकण न उघडता दिवसभर तग धरतो, अर्धा रिकामा त्याच्या निम्मा वेळ. म्हणून मोकळी जागा पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्यांनी भरा. जनरेटरची सोय नसेल तर ४२,००० चा साठा करू नका, निम्मा करा.

तसंही या महिन्यांत मेनू बदललेला बरा. बिगरयांत्रिक होड्यांना बंदी लागू नसते, त्यामुळे खाडीतली मासळी थोडीफार मिळते. सुका बांगडा, सोडे, जवळा यांची थाळी नीट केली तर पावसात तीच मागतात. पुढे श्रावणात बरीच घरं मांसाहार बंद करतात, तेव्हा अळू, फणसाची भाजी, काळ्या वाटाण्याची आमटी. आणि मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी होड्या आणि जलक्रीडा बंद असल्याने किनाऱ्यावरच्या गावांत पर्यटक तसेही कमीच येतात. एखाद्या आचाऱ्याला गावी जायची रजा द्यायची तर ती याच काळात द्या, म्हणजे मे महिन्यात तो अडून राहत नाही.

प्रश्न : डिसेंबरात मे महिन्यातल्या लग्नाची ऑर्डर घेतली : ३०० पानं, कोंबडी-वडे, ताट ३२० रुपये. मधल्या काळात नारळ आणि तेल दोन्ही महागले आणि पैसे गेले. दर आधी ठरवावा लागतो, मग महागाईचं काय करायचं?
— एक केटरर, देवगड

आधी नुकसान कुठे झालं ते मोजू. ३०० माणसांना हाडासकट कोंबडी माणशी २०० ग्रॅम म्हणजे ६० किलो, वड्यांचं पीठ माणशी १०० ग्रॅम म्हणजे ३० किलो, तांदूळ माणशी ८० ग्रॅम म्हणजे २४ किलो. नारळ : सोलकढीला साधारण साडेचार ग्लासांमागे एक धरला तर ६५ आणि वाटणाला दीड किलो कोंबडीमागे एक म्हणजे ४०, एकूण १०५. तेल तळणीसकट २५ लिटर.

समजा, नारळ २५ चा ४० झाला. १०५ × १५ म्हणजे १,५७५ रुपये. तेल लिटरमागे ३० ने चढलं तर ७५० रुपये. दोन्ही मिळून २,३२५, म्हणजे ताटाला पावणेआठ रुपये. बोचतात, पण यात ऑर्डर बुडत नाही.

आता दुसरं. ३०० सांगितले आणि २४० जेवले, आणि यजमानाने २४० चेच पैसे दिले, तर ६० × ३२० म्हणजे १९,२०० रुपये गेले, शिजवलेल्या अन्नासकट. महागाईच्या आठपट. तुमच्या बाबतीतही बहुधा असंच काही झालं असावं, तपासून पाहा.

म्हणून कागदावर हे लिहून घ्या. सांगितलेल्या संख्येच्या ९० टक्के पानांचे पैसे नक्की मिळतील. अंतिम संख्या चार दिवस आधी कळवायची. १० टक्क्यांपर्यंत वाढीव पानं त्याच दराने, त्यावर आली तर जबाबदारी नाही. पैसे ठरवताना २५ टक्के, आठ दिवस आधी ५० टक्के, बाकी पंगत उठायच्या आत. ताटं यजमानाच्या एका माणसासमोर मोजून मांडा आणि उरलेली त्याच्यासमोरच मोजा. वाद तिथेच मिटतो.

महागाईसाठी एक ओळ पुरेशी आहे : 'कोंबडी, तेल किंवा नारळ यांचा भाव आजच्यापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त वाढल्यास त्या वस्तूतला फरक वेगळा.' आजचे तिन्ही भाव त्याच कागदावर लिहा, नाहीतर त्या ओळीला अर्थ नाही. यात कोंबडीचा भाव सगळ्यात महत्त्वाचा : किलोला ४० रुपये वाढले तर ६० किलोचे २,४०० रुपये होतात, नारळ-तेलाच्या बेरजेहून जास्त.

तेलाचा भाव देवगडात ठरत नाही. आपण निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के झालं, मे २०२५ अखेर ते १० टक्क्यांवर आणलं. अशी बातमी आली की पुढच्या दोन-तीन आठवड्यांत डब्याचा भाव हलतो. मोठी ऑर्डर हातात असेल तर तेवढ्या अवधीत तेल घेऊन ठेवता येतं. व्यावसायिक गॅसचा १९ किलोचा सिलिंडरही असाच, त्याचा दर साधारणपणे महिन्याच्या १ तारखेला बदलतो. घरगुती लाल सिलिंडर मात्र धंद्यात वापरू नका. तो गुन्हा आहे, आणि तपासणीत सिलिंडर जप्त झाला तर ऐन लग्नात चूल थंड.

आणि तळणीचं तेल वाचवण्यासाठी तेच ते वापरू नका. तेलातल्या ध्रुवीय घटकांचं (पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणाऱ्या द्रव्यांचं) प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते खाण्यायोग्य नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. काळपट रंग, फेस, तापताच धूर ही त्याची लक्षणं.

प्रश्न : माझी वर्षाची उलाढाल ३० लाखांची आहे. जीएसटीत कंपोझिशन घ्यावं की नेहमीची नोंदणी?
— एक वाचक, रत्नागिरी

रेस्टॉरंट ही सेवा धरली जाते, म्हणून नोंदणीची मर्यादा २० लाख. तुम्हाला नोंदणी लागेलच. दीड कोटीपर्यंत कंपोझिशन, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोपी योजना, घेता येतं, दर ५ टक्के. साध्या रेस्टॉरंटला नेहमीच्या नोंदणीतही ५ टक्केच आणि खरेदीवरच्या कराची वजावट नाही. म्हणजे दरात फरक शून्य. कंपोझिशनमध्ये गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, तो ४०० च्या थाळीतून २० रुपये तुम्ही भरता. नेहमीच्या नोंदणीत ४०० वर २० लावता येतात. कंपोझिशनचा फायदा फक्त कागदपत्रांचा : तीन महिन्यांनी एक चलन आणि वर्षाला एक विवरण. गिऱ्हाईक 'वर कर' ऐकून नाराज होणार नसेल तर नेहमीची नोंदणी बरी. दारू देत असाल तर कंपोझिशन मिळतच नाही. ॲपवरून आलेल्या ऑर्डरीवरचा कर जानेवारी २०२२ पासून ॲपवाली कंपनी भरते, पण ती विक्री तुमच्या उलाढालीत धरायची.

वर खोल्याही भाड्याने देत असाल, तर दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के कर आहे, आधी १२ होता.

प्रश्न : बिलात १० टक्के सेवाशुल्क लावलं तर चालेल का? नोकरांना वाटून देऊ.
— एक वाचक, अलिबाग

आपोआप लावता येणार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. पगार वाढवायचा असेल तर तो थाळीच्या भावातच धरा.

प्रश्न : मुद्रा कर्ज काढून मे महिन्यात हॉटेल सुरू करायचा विचार आहे. १० लाख पुरतील का?
— एक वाचक, वेंगुर्ला

मुद्रा ही छोट्या धंद्यांसाठीची सरकारी कर्ज योजना, १० लाखांपर्यंतचं कर्ज तिच्या 'तरुण' गटात मिळू शकतं. पण मे महिन्यात सुरू करू नका. पहिला महिना गर्दीत, नवख्या माणसांनिशी, गोंधळात जाईल आणि लगेच तीन महिने पावसाचे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडा : दिवाळीपर्यंत हात बसतो आणि पावसाआधी एकूण आठ महिने मिळतात. १० लाखांतले सगळे भट्टी, टेबलं, फ्रीझर आणि रंगरंगोटीत घालू नका. चार महिन्यांचं भाडं आणि पगार बाजूला काढा आणि उरतील त्यात हॉटेल उभं करा. बँकेशी बोलताना पहिले सहा महिने फक्त व्याज आणि पुढे जून ते ऑगस्ट लहान हप्ता, नोव्हेंबर ते मे मोठा हप्ता, अशी परतफेड लेखी मागा. मागितल्याशिवाय कोणी देत नाही. अर्जासोबत महिन्यावार अंदाज जोडा, आणि त्यात जुलैच्या रकान्यात खरा आकडा लिहा.